सह्याद्रीतील सायकल भ्रमणमार्ग

देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या घाटरस्त्यांवरून, सामान सायकलवर लादून, गावोगावी मुक्काम करत केल्या जाणाऱ्या प्रवासाचे मार्ग. हे मार्ग उत्तरेला इगतपुरी-भंडारदऱ्यापासून दक्षिणेला आंबोली-चोर्ल्यापर्यंत पसरलेले आहेत. त्यांवर खुणेचे फलक लावलेले नाहीत, की कोणत्या खात्याने त्यांची अधिकृत यादी केलेली नाही. एसटीच्या फेऱ्यांचे रस्ते, धरणांच्या पाण्याकाठचे रस्ते आणि किनाऱ्यावरच्या फेरीबोटी यांची सायकलस्वारांनी आपापल्या परीने घातलेली सांगड, असेच त्यांचे स्वरूप आहे.

या मार्गांची आखणी डोंगराच्या ठेवणीवर अवलंबून असते. सह्याद्रीची पश्चिम बाजू कड्यांची आहे. कोकणाचा तळ समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर ते शंभर-दीडशे मीटर उंच, आणि घाटमाथा बहुतेक ठिकाणी सहाशे-सातशे मीटरांवर. महाबळेश्वर तर सुमारे १,३५० मीटरांवर. हा फरक थोड्या किलोमीटरांत पार करावा लागतो. पूर्वेकडे मात्र डोंगरांच्या लांब सोंडा हळूहळू उतरत जातात आणि त्यांच्या मधल्या खोऱ्यांत नद्या अडवून केलेले जलाशय आहेत. त्यामुळे सह्याद्रीतील सहलीचा साहजिक आकार फेऱ्याचा होतो: एका घाटाने उतरायचे, कोकणातून काही अंतर कापायचे आणि दुसऱ्या घाटाने वर यायचे. कोणता घाट उतरायला आणि कोणता चढायला, हा पहिला निर्णय. बाकीचा बेत त्यानंतर ठरतो.

घाटांची वहिवाट फार जुनी. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहेत. त्या काळापासून बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून याच खिंडींतून वर येत असे. नाणेघाट आजही पायवाटच आहे, तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. गाडीरस्ते झाले ते एकोणिसाव्या शतकात. बोरघाटातला रस्ता १८३० साली खुला झाला. भरलेली बैलगाडी दमाने चढू शकेल अशा बेताने हे जुने रस्ते कड्यावर नागमोडी फिरवलेले आहेत आणि सायकलस्वाराला आज त्याचाच फायदा मिळतो. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट सुमारे बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठतो, म्हणजे चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आतबाहेर राहतो. मोटारी डोळ्यांपुढे ठेवून पुढे केलेले रस्ते असे दयाळू नाहीत. पायथ्यापासून सिंहगडाचा रस्ता साधारण नऊ किलोमीटरांतच जवळपास तेवढीच उंची चढतो. वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर, धरणाच्या भिंतीला वळसा घालताना, याहूनही उभे तुकडे लागतात. नवखा माणूस नकाशात ‘घाट’ हा शब्द पाहून धास्तावतो, पण त्याचा दम काढतात ते हे निनावी चढ.

चढाचे गणित सोपे आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन सहाशे मीटर वर न्यायला सुमारे ५९० किलोज्यूल काम करावे लागते. सरावाचा माणूस लांबच्या चढावर १२० वॉट शक्ती टिकवून धरत असेल, तर निव्वळ उंची गाठण्यातच सुमारे ८० मिनिटे जातात. दहा किलो सामान कमी केले की आठ मिनिटे वाचतात. महागडी हलकी सायकल घेण्यापेक्षा पिशवीतली दुसरी पँट घरी ठेवणे अधिक शहाणपणाचे, ते यामुळे. गिअर मात्र हलके हवेत. मागचे सर्वांत मोठे चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्राएवढे किंवा त्याहून मोठे असले, तर ताशी सहा-सात किलोमीटरांनी बसल्या बसल्या चढता येते आणि गुडघे वाचतात.

पुणे-सातारा-रायगड या टापूतला सर्वांत परिपूर्ण फेरा भोरपासून सुरू होतो. भोरहून पश्चिमेला जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने हिर्डोशीवरून वरंधा घाटाच्या तोंडाशी येतो. खिंडीत वाघजाईचे देऊळ आहे, कड्याला लागून चहा-भज्यांची दुकाने आहेत, डोक्यावर कावळ्या किल्ल्याची सोंड आहे आणि समोर एकदम कोकण उघडते. डाव्या-उजव्या वळणांचा उतार माझेरीपाशी संपतो. जवळच शिवथरघळ आहे. रामदासांनी ‘दासबोध’ इथे सांगितला अशी परंपरा आहे. बिरवाडीवरून महाड गाठले की पहिला टप्पा पूर्ण होतो. महाडला एक दिवस जास्त ठेवावा. १९२७ च्या सत्याग्रहाचे चवदार तळे गावातच आहे आणि रायगडाचा पायथा तीसेक किलोमीटरांच्या आत येतो.

महाडहून पोलादपूरपर्यंत मुंबई-गोवा महामार्गावरून जावे लागते. अंतर थोडे, तरी पहाटेच उरकून घ्यावे. पोलादपूरला आंबेनळी घाट सुरू होतो आणि महाबळेश्वरपर्यंतचे सुमारे चाळीस किलोमीटर बहुतेक चढाचेच आहेत. संपूर्ण सह्याद्रीत इतकी उंची एका दमात देणारे रस्ते मोजकेच. मध्ये वाडा-कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. १० नोव्हेंबर १६५९ ची शिवाजी महाराज-अफजलखान भेट या गडाच्या पायथ्याशी झाली. जावळीचे खोरे फौजेला किती अडचणीचे असेल, हे या रस्त्यावर पेडल मारताना पायांना कळते. कुंभरोशीला पोटभर खाऊन आणि पाणी भरून घ्यावे, कारण पुढचा जंगलातला टप्पा सामसूम असतो. महाबळेश्वर-पाचगणीहून वाईला उतरल्यावर बरेच जण महामार्गाला लागून खंबाटकीची गर्दी अंगावर घेतात. त्याऐवजी मांढरदेवीच्या डोंगरावरून थेट भोरला यावे. चढ चांगलाच कसाचा आहे, पण फेरा गावरस्त्यांनीच पुरा होतो. फक्त पौष पौर्णिमेच्या आसपास काळूबाईची यात्रा असते, तेव्हा हा रस्ता टाळावा. सगळे मिळून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर होतात. तीन मुक्काम केले तर घाई होत नाही.

पुण्याहून मुळशीमार्गे माणगावकडे उतरणारा ताम्हिणी घाट जास्त प्रसिद्ध आहे आणि जलाशयाकाठचा त्याचा भाग देखणा आहेच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र धबधब्यांसाठी येणाऱ्या मोटारींनी तो भरून जातो. तेव्हा आडवारी जावे.

साताऱ्याच्या पश्चिमेला कास पठारावरून बामणोलीला उतरणारा रस्ता कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी संपतो. तापोळ्याच्या बाजूला तराफ्यावरून गाड्या पाण्यापलीकडे नेतात, सायकलही जाते. सप्टेंबरात कासला फुले असतात तेव्हा गर्दीवर निर्बंध असतात. पाटण-कोयनानगरवरून चिपळूणला जाणारा कुंभार्ली घाट चढायला अवघड नाही, पण मालवाहतुकीचा मुख्य रस्ता असल्याने ट्रकांची वर्दळ सतत असते.

कोल्हापूरच्या पश्चिमेचे घाट या लेखकाच्या मते सायकलसाठी सर्वांत चांगले. गगनबावड्याला एकाच गावातून दोन घाट फुटतात: करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. एकाने उतरून दुसऱ्याने चढण्याचा फेरा एका दिवसात होतो. त्याच्या दक्षिणेला राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातून फोंडा घाट कणकवलीकडे उतरतो. इथे गव्यांचे कळप आहेत. तिन्हीसांजेला आणि पहाटे गवा रस्त्यावर उभा असतो. त्याला वाट देऊन थांबणे हाच उपाय. घंटी वाजवू नये, जवळून निसटण्याचा प्रयत्न करू नये. आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि बेळगावहून चोर्ला घाटाने साखळी हे गोव्याच्या दिशेचे मार्ग.

उत्तरेला माळशेज घाट आहे, पण कल्याण-नगर वाहतूक त्यावरूनच चालते. त्यापेक्षा घोटीहून बारी, भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर हा जलाशयाभोवतीचा फेरा निवांत आहे. कळसूबाई (१,६४६ मी.) बारी गावाच्या डोक्यावर उभे असते. पावसाच्या तोंडावर इथल्या झाडांवर काजवे चमकतात, पण त्या आठवड्यांत रात्री गाड्यांची रांग लागते.

कोकणातला टप्पा सपाट असेल ही समजूत चुकीची आहे. महामार्ग सोडून किनाऱ्याने गेले तर प्रत्येक खाडीला उतार आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चढ असतो. शंभर मीटरांचे असे आठ-दहा चढ दिवसभरात जमले की एका घाटाची उंची भरते. खाड्या फेरीबोटीने ओलांडता येतात: दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दमट हवेमुळे घाम सुकत नाही. मीठ-साखरेचे पाणी किंवा कोकम सरबत दर तासाला पोटात गेले नाही, तर दुपारी पोटऱ्यांना पेटके येतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यातला हिरवा घाट सगळ्यांना खुणावतो, तरी दरडींचा धोका खरा आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलीमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा रस्ता जागोजाग तुटला आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून कितीतरी माणसे गेली. वरंधा घाटही पावसाळ्यात वारंवार बंद ठेवला जातो. निघण्याआधी त्या तालुक्याच्या एसटी स्थानकात चौकशी करावी; गाडी जाते की नाही, हे तिथे नक्की कळते. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी घाटात शिरूच नये, हे निक्षून सांगायला हवे. हिवाळ्यात वेगळी अडचण असते: ऊसतोडणीच्या हंगामात कराड-कोल्हापूर भागात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्यांकडे जातो. अंधारात या ट्रॉल्यांचा मागचा भाग दिसत नाही, म्हणून सूर्यास्ताआधी मुक्कामाला पोचावे.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नये. रिमब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या कडीवर घासून थांबवणाऱ्या ब्रेकच्या, सायकलीचे रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक सोडावा. सकाळी सावलीतल्या वळणांवर दव आणि शेवाळ असते.

मुक्कामाची सोय तालुक्याच्या गावी लॉजवर, किनाऱ्यावर घरगुती खानावळीत आणि आडगावी देवळाच्या सभामंडपात होते. शेवटच्या ठिकाणी पुजारी किंवा सरपंचांना आधी विचारावे. घाटमाथ्यावर नाचणीची भाकरी आणि पिठले, खाली तांदळाची भाकरी आणि मासे. ट्यूबा, पॅच, साखळीचा जोड आणि हवेचा पंप सोबत हवाच. गावातला पंक्चरवाला मोटारसायकलच्या ट्यूबांचे पंक्चर काढतो, गिअरच्या सायकलीचे सुटे भाग त्याच्याकडे नसतात.

लांब अंतराच्या सायकलिंगमुळे हे रस्ते गेल्या काही वर्षांत अधिक माहितीचे झाले. २०० किमी १३.५ तासांत आणि ६०० किमी ४० तासांत पुरे करायच्या ब्रेव्हे फेऱ्यांत अनेकदा घाट असतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे बोरघाट चढायचा तो जुन्या महामार्गानेच.

फेरा करायचा नसेल तर कोकण रेल्वेने परतता येते. मोठ्या स्थानकांच्या पार्सल कार्यालयात सायकल सामान म्हणून नोंदवावी लागते. त्यासाठी गाडीच्या वेळेआधी तास-दीड तास पोचावे आणि मडगार्ड व गिअरचा भाग पुठ्ठ्याने बांधून घ्यावा. एसटीच्या टपावर सायकल चढवण्याची जुनी पद्धत आता टपावर कॅरिअर नसलेल्या गाड्यांमुळे सगळीकडे चालत नाही.