काझिमिएश देयना : लष्करी क्लबातला दहा नंबर

पोलंडचा मिडफिल्डर पिओत्र झिएलिन्स्की २०११ मध्ये इटलीच्या उदिनेसे क्लबात गेला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच देशाचा काझिमिएश देयना परदेशी क्लबात पोहोचला तो एकतिसाव्या वर्षी. खेळात तो कुठेच कमी नव्हता. १९७४ च्या ‘बॅलन डी’ओर’मध्ये, म्हणजे तेव्हाच्या युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारात, त्याच्या पुढे फक्त योहान क्रायफ आणि फ्रान्झ बेकेनबाउर होते. तरीही त्या दोघांच्या मानाने देयनाचं नाव आज फार कमी लोकांना ठाऊक आहे. हे असं का झालं, हे समजायला त्या काळच्या पोलंडमध्ये फुटबॉल कसा चालायचा ते पाहावं लागतं.

देयनाचा जन्म २३ ऑक्टोबर १९४७ चा, उत्तर पोलंडमधल्या स्तारोगार्द ग्दान्स्की या गावातला. १९६६ मध्ये वुच शहराच्या ‘एवकाएस’ या क्लबाकडून तो लीगमध्ये एकच सामना खेळला आणि सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. वॉर्साचा लेगिया हा लष्कराचा क्लब. एखादा गुणी तरुण हवा असला की लेगियाला त्याच्या क्लबाशी वाटाघाटी करण्याची गरज नसे. त्याला सैन्यात भरती करून घेतलं की काम झालं. इतर क्लबांचा लेगियावरचा राग इथून सुरू होतो, आणि तो पुढे देयनालाही भोवला.

लेगियाने १९६९ आणि १९७० मध्ये लागोपाठ लीग जिंकली. १९७० मध्ये संघ युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) उपांत्य फेरीत गेला आणि पुढे विजेत्या ठरलेल्या फेयेनोर्डकडून हरला. देयना धावून प्रतिस्पर्ध्याला मागे टाकणारा खेळाडू नव्हता. चेंडू येण्याआधीच मैदान वाचून ठेवायचं, मग एका पासने बचाव फळी उघडायची, ही त्याची पद्धत. लांबून वळवून मारलेले त्याचे फटके गोलरक्षकांना फसवत.

कम्युनिस्ट देशांचे खेळाडू कागदावर हौशी असत. कुणी सैनिक, कुणी खाणीचा कर्मचारी. त्यामुळे तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असलेल्या ऑलिंपिकला या देशांचे मुख्य संघच उतरत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक काझिमिएश गुर्स्की यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामन्यात हंगेरीविरुद्ध २-१ असा विजय मिळाला, त्यातले दोन्ही गोल देयनाचे. स्पर्धेत त्याने नऊ गोल केले.

पुढच्या वर्षी कर्णधार व्वोजिमिएश लुबान्स्की गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि कर्णधारपद देयनाकडे आलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये वेम्ब्लीवर १-१ अशी बरोबरी साधून पोलंडने इंग्लंडला विश्वचषकाबाहेर ठेवलं. १९७४ च्या विश्वचषकात अर्जेंटिना, इटली आणि युगोस्लाव्हिया यांना हरवत पोलंड तिसरा आला. पश्चिम जर्मनीकडून एकच पराभव झाला, तोही फ्रँकफर्टच्या पाण्याने भरलेल्या मैदानावर, एका गोलाने. सात गोल करणाऱ्या ग्झेगोश लातोचं कौतुक झालं, ते योग्यच. पण त्या वेगवान आघाडीला चेंडू कधी आणि कुठे मिळायचा हे देयना ठरवत होता, आणि माझ्या मते त्या संघाचं खरं वेगळेपण तिथेच होतं.

मोठ्या क्लबांना तो हवा होता. परंतु परदेशी जायला सरकारची परवानगी लागे, आणि ती सहसा तिशीच्या आसपासच मिळे. त्यात देयना लष्करी क्लबाचा, म्हणजे गाठ आणखी घट्ट.

ऑक्टोबर १९७७ मध्ये खोझूफला पोर्तुगालविरुद्ध पात्रता सामना होता. खोझूफ सिलेसियात, म्हणजे दक्षिण पोलंडच्या खाणपट्ट्यात, आणि तिथे लेगियाबद्दल मुळीच प्रेम नव्हतं. आपल्याच देशाच्या कर्णधाराची प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. देयनाने थेट कॉर्नर किकवरून गोल केला. सामना १-१ सुटला आणि पोलंड विश्वचषकाला पात्र ठरला. त्या दिवशीच्या वागणुकीला हा खेळाडू मुळीच पात्र नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. १९७८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध त्याची पेनल्टी गोलरक्षक फिल्लोलने अडवली आणि टीकेला नवं निमित्त मिळालं. पोलंडकडून ९७ सामने आणि ४१ गोल, इथे त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं. मोबदल्यात रोख रकमेबरोबर काही उपकरणंही पोलंडला गेली असं सांगितलं जातं. लीगच्या ३८ सामन्यांत त्याने १२ गोल केले, पण दुखापती आणि परका देश यांमुळे त्याचा जम बसला नाही. १९८१ मध्ये तो अमेरिकेत सॅन दिएगो सॉकर्सकडे गेला आणि तिथे इनडोअर फुटबॉलमध्ये विजेतेपदं मिळवली. १ सप्टेंबर १९८९ रोजी सॅन दिएगोत मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. वय ४१. पोलंडमध्ये कम्युनिस्ट नसलेले तादेउश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान होऊन तेव्हा आठवडाभरच झाला होता. २०१२ मध्ये देयनाच्या अस्थी वॉर्सात आणल्या गेल्या. लेगियाने दहा नंबरची जर्सी आता कायमची बाजूला ठेवली आहे.

बंधनं मात्र त्याच्या हयातीतच सैल होऊ लागली होती. झ्बिग्निएव्ह बोनिएकला १९८२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, युव्हेंटसला जाता आलं आणि तीन वर्षांनी त्याने युरोपियन कप उंचावला. जवळपास त्याच वयात देयना युरोपातल्या पहिल्या तिघांत होता आणि दर आठवड्याला पोलिश लीगमध्येच खेळत होता.