कॅलिपरमधली चौकोनी रिंग आणि पेट्रोलचा बोळा

तुळजापूरचा घाट उतरून सोलापुरात घरी पोचलो, गाडी लावली तर जळका वास, मला वाटलं शेजारी कोणी कचरा पेटवलाय, पण पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग आणि उजवं मात्र नुसतं कोमट.

आता चाक गरम होणं चूक नाही हां. ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णताच करतो. १००० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबवली की साधारण २४७ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात टाकीतून ४१ डिग्रीचं पाणी येतं ना, ते लिटरभर उकळायला लागेल एवढी. पण पाय काढला की हे थांबायला पाहिजे, माझ्या गाडीत थांबत नव्हतं.

पॅडल दाबलं की ब्रेक ऑईल कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागातल्या, पिस्टनला ढकलतं आणि दोन्ही बाजूंचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला चिकटतात. मग पिस्टन मागं कोण ओढतं? स्प्रिंग बिंग काही नसतं तिथं. पिस्टनभोवती एक चौकोनी कापाची रबरी रिंग असते, पिस्टन पुढं जाताना ती त्याच्यासोबत थोडी पिळली जाते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागं घेते. एवढंच! ऑईल गळू न देणं आणि पिस्टन मागं ओढणं, दोन्ही कामं त्या एका रिंगची.

खोललं तर आतला पॅड पार झिजलेला, बाहेरचा जाडच्या जाड. म्हणजे कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतं त्या सुकून जाम, आणि रिंग फुगलेली. आधी एका गॅरेजवाल्यानं पेट्रोलच्या बोळ्यानं 'मस्त सर्व्हिसिंग' केलं होतं, त्याचा प्रताप. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही लागलं की हे रबर फुगतं.

करायचंच असेल तर गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर नाही, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायचीच. पॅडची धूळ हवेनं उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. कॅलिपर ब्रेक ऑईलच्या नळीवर लोंबकळत ठेवायचं नाही, तारेनं वर बांधायचं.

पिस्टन काढताना लोक बोटं घालवून बसतात. ५४ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास २३ चौरस सेंटिमीटर, त्यावर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची ७ किलोची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाबाची, हवा सोडली तर १६० किलोचा जोर, ज्वारीची तीन पोती, आणि ते एकदम गोळीसारखं सुटतं. त्यापेक्षा नळी तशीच ठेवून, समोर लाकडाचा ठोकळा धरून गाडीचं पॅडलच हळूहळू दाबा, बोटं मात्र मध्ये नकोत. नळी सोडायची ती नंतर.

रिंग काढायला स्क्रू ड्रायव्हर नको, खाचेला ओरखडा गेला की गळती ठरलेली, लाकडी काडी बरी. आतलं सगळं ताज्या ब्रेक ऑईलनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचं. पुसायला आपला सोलापुरी टेरी टॉवेल घेऊ नका, प्रेम कितीही असो, त्याचे धागे आत राहतात, जुनं सुती धोतर भारी. पिस्टनला गंजाचे खड्डे दिसले तर तो बदला, रिंग तर नवीच टाका. पिनांना सिलिकॉन ग्रीस, साधं चेसिस ग्रीस नाही.

आणि ब्रेक ऑईल हे नावालाच ऑईल, बोनेटवर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा. ते हवेतलं पाणीही ओढून घेतं, कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑईलचाच एक प्रकार) किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेलं मात्र १५५लाही उकळू शकतं, म्हणून उघडा डबा महिनोन्महिने ठेवू नये.

जोडून ऑईलमध्ये शिरलेली हवा काढली, पहिल्यांदा पॅडल थेट खाली, पाच-सहा वेळा मारल्यावर कडक झालं, मग गल्लीतच चालण्याच्या स्पीडनं दोन चकरा. परवा परत तुळजापूरला जाऊन आलो, दोन्ही चाकांजवळ हात धरून बघितला, धग सारखीच.