‘बेळगाव’वरून ‘बेळगावी’कडे, ८० वरून ४४३ कडे

१ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यानंतर ज्या शाळांनी, वाचनालयांनी, सौहार्द सहकारी सोसायट्यांनी नव्या नावाचं डोमेन घेतलं आणि जुनंही चालू ठेवलं, त्यांच्या सर्व्हरवर रीडायरेक्टचे, म्हणजे एका पत्त्यावर आलेल्याला दुसऱ्याकडे पाठवण्याचे, नियम साचत गेले. दोन डोमेन, दोन्हींचे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना पत्ते, त्यात एचटीटीपी आणि त्याचं सुरक्षित रूप एचटीटीपीएस: एकूण आठ पत्ते होतात, आणि साइट उघडायला हवी त्यातल्या एकावरच.

मूळ गुंता १९९४ चा. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने एचटीटीपीएस आणलं तेव्हा ते मुख्यतः ऑनलाइन व्यवहारांसाठी होतं. त्याला सर्व्हरवर वेगळं पोर्ट (क्रमांकाचं दार) मिळालं, ४४३. साधं एचटीटीपी ८० वरच राहिलं, म्हणून ८० वर आलेल्याला ४४३ कडे पाठवणं भाग पडलं. साधनं लवकरच आली: ‘पत्ता कायमचा बदलला’ असं सांगणारा ३०१ हा कोड १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये आहे, अपाचे या सर्व्हरचं पत्ते बदलणारं मॉड-रिराइटही त्याच वर्षीचं. अडत होतं ते सर्टिफिकेटवर, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यावर. त्याला पैसे पडत, शिवाय प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी लागे, कारण कोणती साइट हवी हे कळण्याआधीच सर्व्हरला सर्टिफिकेट दाखवावं लागे. जोडणीच्या सुरुवातीलाच साइटचं नाव सांगणारं एसएनआय २००३ मध्ये आलं, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच कळलं नाही. त्यामुळे बरेच जण फक्त लॉगिनचं पान सुरक्षित करत आणि पुढे परत ८० वर आणत. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप या फायरफॉक्सच्या एक्स्टेंशनने दाखवून दिलं की उघड्या वायफायवर अशा लॉगिनची कुकी (ब्राउझरमधली ओळखीची नोंद) शेजारचा माणूसही उचलू शकतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने शोधक्रमात एचटीटीपीएस धरायला सुरुवात केली. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची मोफत सर्टिफिकेटं सर्वांना खुली झाली. जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ ने प्रत्येक एचटीटीपी पानावर ‘असुरक्षित’ लिहिलं, आणि गावातल्या छोट्या संस्थेलाही हा विषय टाळता येईना.

जुन्या नावाच्या बाबतीत हमखास चूक होते ती सर्टिफिकेट न काढण्याची. रीडायरेक्टचं उत्तर सुरक्षित जोडणी झाल्यावरच जातं. जुन्या नावाचं सर्टिफिकेट नसेल, तर ४४३ वर आलेल्याला आधी इशारा दिसतो. नियमापर्यंत तो पोहोचतच नाही. चारही नावं एकाच सर्टिफिकेटात घालता येतात. पोर्ट ८० मात्र बंद करू नये. सर्टिफिकेट देण्याआधी डोमेन तुमचंच आहे का हे पाहणारी एचटीटीपी-०१ तपासणी तिथूनच सुरू होते.

वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारं क्लाउडफ्लेअर ‘फ्लेक्झिबल’वर असेल तर ते मूळ सर्व्हरकडे एचटीटीपीनेच येतं, सर्व्हर त्याला पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवतो आणि फेरा संपत नाही. सर्व्हरवर सर्टिफिकेट बसवून ‘फुल स्ट्रिक्ट’ (मूळ सर्व्हरपर्यंत एचटीटीपीएस) करणं हाच खरा उपाय.

मराठी पत्त्यांना जास्त जपावं लागतं. ‘बेळगाव’ या शब्दात काना-मात्रा धरून सहा युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट. एनकोड होताना प्रत्येक बाइट % धरून तीन अक्षरांचा होतो, म्हणून पत्त्यात ५४ अक्षरं होतात. एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये ‘यूआरआय’ हे व्हेरिएबल वापरलं तर पत्ता डीकोड होऊन येतो आणि प्रश्नचिन्हापुढचा भाग गळतो. ‘रिक्वेस्ट यूआरआय’ घेतलं की पत्ता आला तसाच पुढे जातो.

नियम आधी ३०२ या तात्पुरत्या रीडायरेक्टने तपासावा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीचा नियम काढून टाकला तरी वाचकाकडे तो उरतो. फॉर्म ८० वर पाठवला जात असेल तर ३०१ ने पोस्टचं (माहिती पाठवण्याचं) गेट (नुसतं पान मागण्याचं) होऊन माहिती हरवू शकते. विनंतीची पद्धत न बदलणाऱ्या ३०८ ने ती टिकते, पण तोवर ती उघड्यावरून गेलेलीच असते. म्हणून फॉर्ममधला पत्ताच बदलावा.

अशी उघडी विनंती पुढच्या भेटींत टाळायला नोव्हेंबर २०१२ मध्ये एचएसटीएस, म्हणजे ठरावीक मुदत फक्त एचटीटीपीएसच वापर ही ब्राउझरला सूचना, प्रमाणित झालं. त्याचं हेडर (उत्तरासोबत जाणारी ओळ) एचटीटीपीवर आलं तर ब्राउझर ते मानत नाही. म्हणून जुनं डोमेन आधी स्वतःच्याच एचटीटीपीएस पत्त्यावर न्यावं, तिथे हेडर द्यावं, मग नव्या नावाकडे पाठवावं. एक टप्पा वाढला तरी चालेल. मुदत सुरुवातीला ३०० सेकंद ठेवावी, सगळे सबडोमेन तपासून झाल्यावरच ३,१५,३६,००० म्हणजे एक वर्ष करावी.