कमी दिवसांचा जन्म, प्रदूषित हवा आणि श्वासमार्गाचे अस्तर

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्मले, तर त्याला वैद्यकात मुदतपूर्व जन्म म्हणतात. घरोघरी अशा बाळाला ‘कमी दिवसांचं’ किंवा ‘सातव्यातलं’ म्हणतात. २०२० मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास भारतात. काचेच्या पेटीत काही आठवडे काढून बाळ घरी येते, हळूहळू बाळसे धरते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. वजनाची भरपाई होते खरी, पण श्वासमार्गाचे अस्तर त्याच वेगाने सावरतेच असे नाही. ठाणे-नवी मुंबईसारख्या वर्दळीच्या पट्ट्यात त्या अस्तराची गाठ पहिल्या दिवसापासून धुराशी आणि धुळीशी पडते.

नाकापासून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत हे अस्तर पसरलेले असते. त्यातील रोमक पेशींवर प्रत्येकी दोनशेच्या आसपास सूक्ष्म रोम असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. तो आपण नकळत गिळतो. चषक पेशी हा थर तयार करतात. तळाच्या पेशी झीज भरून काढतात. शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असल्याने बाहेरचे सहसा आत झिरपत नाही.

मोठ्या श्वासनळ्यांना फांद्या फुटण्याचे काम गर्भारपणाच्या १७व्या आठवड्याच्या सुमारास उरकते. पुढचे महिने मुख्यतः पेशींच्या तयारीचे असतात. फुप्फुसातले वायुकोश मिटू न देणारा द्रव २४व्या आठवड्यापासून थोडा थोडा बनू लागतो आणि ३४-३५व्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. ऑक्सिजनच्या दाहक रेणूंना निष्प्रभ करणारी विकरेही (एन्झाइम) शेवटच्या काही आठवड्यांतच वाढतात. गर्भात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे तोवर त्यांची निकड नसते. २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळावर मात्र २१ टक्के ऑक्सिजनची हवा एकदम येते, आणि बऱ्याचदा जीव वाचवण्यासाठी त्याहून जास्त ऑक्सिजन आणि यंत्राचा दाबही द्यावा लागतो. या उपचारातून फुप्फुसाला होणारी इजा १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी प्रथम वर्णन केली.

अशा मुलांच्या पेशी अभ्यासायची पद्धत साधी आहे. नाकपुडीत मऊ ब्रश फिरवून थोड्या पेशी घेतात आणि सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर वाढवतात. खालून पोषक द्रव, वरून हवा. तीन-चार आठवड्यांत त्यांवर रोम उगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या खाचरासारखे हलताना दिसतात. दुसऱ्या प्रयोगात पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती तासांत भरतो ते मोजतात. खूप लवकर जन्मलेल्या बाळांच्या पेशींना ऑस्ट्रेलियातील अशा प्रयोगांत ओरखडा भरायला जास्त वेळ लागला. पेशी शरीराबाहेर वाढवल्यावरही हा फरक टिकतो, हे मला यातले सर्वांत बोलके वाटते.

प्रदूषणाचा मारा नेमका याच जागी होतो. नवी मुंबईतल्या खारघरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या दुपट्यावर बसते ती बहुतेक जाड धूळ. ती नाकातच अडते. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे आणि त्याहूनही बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत आणि खोलवर जातात. त्यांवरचे धातू व अर्धवट जळलेल्या इंधनाची संयुगे पेशींत दाहक रेणू तयार करतात. पेशींमधले सांधे सैल पडतात, रोम मंदावतात, चषक पेशी वाढून कफ दाटतो आणि पेशी रासायनिक संदेश पाठवून पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. विषाणूंचा प्रतिकारही दुबळा होतो. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेते, मोठा माणूस १२ ते २०. वजनाच्या मानाने बाळाच्या वाट्याला हवा जास्त, आणि तिच्यातले कणही जास्त. विकरांचा साठाच अपुरा असलेल्या पेशींना हा भार अधिक जड जातो.

प्रदूषणाची सुरुवात जन्माआधीही होते. आईने श्वासावाटे घेतलेले काजळीचे कण वारेच्या (गर्भाला पोषण देणाऱ्या अवयवाच्या) गर्भाकडील बाजूपर्यंत पोचतात, हे बेल्जियममधील हासेल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. सूक्ष्म कणांचे प्रमाण आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा संबंधही अनेक देशांत आढळला आहे. म्हणजे तीच हवा बाळाला लवकर बाहेर आणण्यात हातभार लावू शकते आणि बाहेर आल्यावर त्याची वाटही पाहत असते.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरून न्हावा शेवा बंदर आणि गुजरात यांच्यातील कंटेनरची वाहतूक चालते. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, तळोज्याची वसाहत आणि सततची बांधकामे आहेत. पावसाळ्यात हवा धुतली जाते, पण विषाणूंची लागण त्याच दिवसांत वाढते. थंडीत हवा जड होऊन कण खालीच तरंगत राहतात. सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. भारताची २००९ची मर्यादा ४० आहे. हवा सुधारण्यासाठीच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे आहेत.

घरातल्या हवेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. बाळ-बाळंतिणीला शेगडीवर ओवा, वावडिंग, ऊद टाकून दिलेली धुरी, डासांची कॉइल, देवापुढची उदबत्ती या सगळ्यांचा धूर बारीक कणांचाच असतो. प्रेमापोटी दिलेली धुरी ३०व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला सोसत नाही, हे आजीला सांगणे अवघड असते, पण सांगावे लागते.

पुढे घरघर, वारंवार छाती भरणे, नेब्युलायझरच्या खेपा असे दिसू लागले की ‘बाळदमा’ असे नाव पडते, आणि जन्माचा आठवडा विचारायचा राहून जातो. पाच-सहा वर्षांपासून मूल फुंकर मारून फुप्फुसाची चाचणी देऊ शकते. खूप लवकर जन्मलेल्यांत पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचे प्रमाण मोठेपणीही सरासरीने कमी भरते, धूम्रपान न करणाऱ्यांतसुद्धा.