संधिवाताच्या रुग्णांचे लसीकरण
प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर किंवा मूत्रपिंडावर उलटते, अशा आजारांत (आमवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा इ.) रुग्णाने घ्यायच्या लसी व त्यांच्या वेळा. मराठवाड्यात या साऱ्यांना आणि वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांनाही ‘वात’ हा एकच शब्द आहे. पुढील पथ्ये झिजेच्या वाताला लागू नाहीत.

आजार आणि त्यावरची औषधे, दोन्हींमुळे जंतुसंसर्ग बळावतो. लसीने सांधे उठतील ही भीती घरोघर ऐकू येते. एक-दोन दिवस अंग मोडून येणे वेगळे आणि आजार उसळणे वेगळे. फ्लू, न्यूमोनिया, कावीळ-ब, धनुर्वात यांच्या लसींत जिवंत जंतू नसतात, त्या चालतात. गोवर, कांजिण्या, बीसीजी (क्षयाची लस) यांसारख्या जिवंत लसी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना सहसा टाळतात.

खरा प्रश्न वेळेचा असतो. मेथोट्रेक्सेट ही आमवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार, आजार ताब्यात असेल तर फ्लूच्या लशीनंतर ती २ आठवडे थांबवावी, म्हणजे दोन आठवड्यांचे डोस चुकवावेत. इतर निर्जीव लशींसाठी ती चालूच ठेवावी. रिटुक्सिमॅब (काही महिन्यांच्या अंतराने शिरेतून द्यायचे, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेणाऱ्यांना फ्लूखेरीज इतर लसी पुढचा डोस येऊ घातला असताना देतात आणि तो डोस किमान २ आठवडे पुढे ढकलतात. हे सारे डॉक्टरांना विचारून. मनानेच बंद केलेली गोळी सांधे धरायला पुरेशी असते.

बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीला कारखान्यांवर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यायची असल्याने ती या वेळापत्रकात बसते. दोन डोसांच्या लशीची मात्र ओढाताण होते. नागिणीची जिवंत नसलेली लस भारतात २०२३ मध्ये आली. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तिचे दोन डोस १ ते २ महिन्यांच्या अंतराने देता येतात, म्हणून पहिला श्रावणातच घेतलेला बरा. टोफासिटिनिब ही आमवातावरची गोळी घेणाऱ्यांत नागीण जास्त आढळते. (नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, ही निव्वळ समजूत.) खर्च हा मोठा अडसर: मोठ्यांसाठी फ्लू, न्यूमोनिया, नागीण या लसी सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाहीत, त्या विकत घ्याव्या लागतात.

विकत घेतलेली लस दवाखान्यापर्यंत नीट पोचवणे हेही एक काम. तिला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. परभणीच्या मे महिन्यात ती पिशवीत घालून एसटीने नेणे म्हणजे पैसे पाण्यात. पण कुपी थेट बर्फाला चिकटली आणि गोठली, तरी ती वाया जाते.

कुत्रा चावला तर रेबीजची लस कोणत्याही औषधासाठी लांबवायची नाही. उलट, नुसता ओरखडा असला तरी अशा रुग्णाला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते. म्हणून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय असो की गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र, केस पेपर काढतानाच चालू गोळ्यांची नावे सांगावीत.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईने इन्फ्लिक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेतले असेल, तर बाळाला जन्मतःच बीसीजी देत नाहीत. ते सहसा ६ महिन्यांनंतर देतात. बाळंतपण माहेरी असेल, तर या औषधाची चिठ्ठी आधीच तिकडे पोचलेली हवी.