फौजी कॅशियर: पलटणीतून बँकेच्या काउंटरवर

ऐंशी-नव्वदच्या दशकात सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या तालुक्याच्या गावी राष्ट्रीयीकृत बँकेत ज्यांचं जाणं-येणं होतं, त्यांना 'फौजी' ठाऊक असतोच. कुठे तो दारात दोननळी बंदूक घेऊन बसलेला, कुठे कॅशच्या जाळीमागे नोटा मोजत. आडनाव माहीत नसलं तरी चालायचं. "फौजींना विचारा," एवढ्यावर काम भागायचं. हा माणूस या जागेवर कसा आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ग्रामीण भागात बँक रुजली त्यात त्याचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही.

सातारा जिल्हा सैन्याला माणसं पुरवत आला, हे सर्वश्रुत आहे. अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि आजही ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पलटणीतल्या माणसाचा पगार घरी यायचा तो मनीऑर्डरने. म्हणजे गावातल्या बाईचा संबंध पोस्टमनशी आणि अडीनडीला सावकाराशी. बँका नव्हत्या असं नाही. अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यातच १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली होती. पण व्यापारी पेठेबाहेर बँकेची पायरी चढणारा शेतकरी विरळाच.

१९६९च्या १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशभरात ग्रामीण शाखा १८००च्या आसपास होत्या. पुढे १९७७ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला: बँका असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची असेल, तर आधी बँक नसलेल्या चार गावांत काढा. १९९०च्या सुमारास ग्रामीण शाखा ३५ हजारांच्या घरात गेल्या. भाड्याची एखादी खोली, एक तिजोरी, दोन-चार टेबलं, झाली शाखा! पण तिथे टिकून राहणारी माणसं कुठून आणायची? शहरातून आलेल्या तरुण क्लार्कचं लक्ष बदलीच्या अर्जाकडे.

दुसऱ्या बाजूला सैन्याची स्वतःची अडचण होती. फौज तरुण ठेवायची, तर शिपायाला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवावं लागतं. पासष्ट आणि एकाहत्तरची लढाई पाहिलेली माणसं अशीच गावी परतली. पेन्शन तुटपुंजी, मुलं शाळेत, आणि कामाची धमक पुरती शाबूत. त्यांच्यासाठी सार्वजनिक बँकांत क्लार्क वर्गात साडेचौदा टक्के आणि शिपाई-गार्ड वर्गात साडेचोवीस टक्के जागा राखीव झाल्या. दोन्हींतले साडेचार टक्के जायबंदी माजी सैनिक आणि लढाईत कामी आलेल्यांचे वारस यांच्यासाठी. वयातून फौजेतली वर्षं वजा आणि वर तीन वर्षांची सूट. मॅट्रिक झालेल्याची पंधरा वर्षांची सेवा पदवीच्या तोडीची धरायची सोयही झाली.

गावाजवळची शाखा मिळावी ही फौजीची इच्छा, आणि गाव न सोडणारा माणूस मिळावा ही बँकेची गरज. जुळून गेलं.

त्याचा खरा उपयोग दिसायचा तो नोव्हेंबरात, पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला यायचे तेव्हा. फॅमिली पेन्शनवाल्या बायकांची अडचण बहुतेक वेळा नावाची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. पलटणीच्या कागदात माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिसरंच काहीतरी. साहेब म्हणायचे, कागद जुळत नाहीत. फौजीला मात्र ठाऊक असायचं की लग्नाची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' या पलटणीच्या आदेशाने होते आणि दुरुस्ती हवी तर अर्ज बेळगावच्या मराठा रेकॉर्ड्सला, म्हणजे मराठा पलटणींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, करायचा. "वैनी, बसा. तुमच्या मालकांचा नंबर सांगा," म्हणत तो अर्ज स्वतःच खरडायचा. त्या बाईला आपल्या नवऱ्याचा आर्मी नंबर तोंडपाठ असायचा, आणि तो नंबर ऐकून माणूस कुठल्या काळातला हे ओळखणारा अख्ख्या बँकेत तो एकटाच. हे काम बँकेच्या कुठल्याच नियमावलीत नव्हतं. तरी पेन्शनची खाती, पाठोपाठ मुदतठेवी, आणि भाऊबंदांची पीककर्जं त्या शाखेत आली ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आणि त्याच्या पदरात काय पडलं? राखीव जागा फक्त खालच्या दोन वर्गांत. अधिकारी वर्गात माजी सैनिकांना आरक्षणच नाही. तीस-पस्तीस जवानांची प्लाटून हाताळलेला माणूस इथे सर्वांत ज्युनिअर, आणि पोराच्या वयाचा प्रोबेशनरी ऑफिसर त्याला रजा देणार. फेरनेमणुकीत पगार कसा बसवायचा, यावरून अर्जफाटे आणि कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. त्याच्या अनुभवाची किंमत बँकांनी कधीच केली नाही, हे खेदाने म्हणावं लागतं. सैनिकांनी स्वतःची वाटही काढली म्हणा. साताऱ्यात कर्नल आर. डी. निकम यांच्या नावाची सैनिक सहकारी बँक उभी आहे.

आता दोन्ही टोकं सुटत चालली आहेत. बंदूकधारी गार्ड एजन्सीकडून येतो. लष्करी पेन्शन 'स्पर्श' प्रणालीतून थेट खात्यात जमा होते, त्यामुळे पीपीओवरची चूक शाखेत कुणाच्या हातात राहिलेली नाही. २०२२च्या अग्निपथ योजनेत चार वर्षं पुरी झाली की चारातले तीन जण घरी येणार, तेही पेन्शनशिवाय. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि बँकेतल्या त्या साडेचौदा टक्क्यांचं दार उघडतं ते त्या दर्जावरच.