ईमेल-शोधातील लेबले व पाठपुराव्याच्या खुणा

ईमेल-शोधातील लेबले व पाठपुराव्याच्या खुणा : साठलेल्या ईमेलमधून हवे तेवढेच वेगळे काढण्यासाठी, मजकुरातील शब्दांच्या जोडीला, आपण स्वतः मेलवर लावलेली नावे आणि खुणा चाळणीसारख्या वापरण्याची पद्धत. मेल कशाबद्दल आहे ते लेबल सांगते; त्याचे काही करायचे राहिले आहे हे तारा किंवा फ्लॅग सांगतो. दोन्ही एकाच वेळी विचारता येतात म्हणून ‘या विषयातले माझ्याकडून काय राहिले?’ या प्रश्नाला मेलपेटी उत्तर देऊ शकते. नुसता शब्द शोधून हे उत्तर मिळत नाही, कारण ‘राहिले आहे’ हे मेलमध्ये कुठे लिहिलेलेच नसते.

कागदी कारभारात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्याच होत्या. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत विषयवार नस्ती असते, आणि नस्तीतल्या ज्या कागदाकडे साहेबांचे लक्ष वेधायचे त्याला चिठ्ठी टाचून टिप्पणीत ‘पताका अ पाहावी’ असे लिहितात. नस्ती म्हणजे विषय, पताका म्हणजे ‘इकडे बघा’. अडचण एकच : मूळ कागद एकाच नस्तीत राहतो. तो दुसऱ्या विषयातही लागत असेल तर नक्कल काढावी लागते.

जुन्या ईमेल-प्रोग्रामांतील फोल्डर हे नस्तीचेच रूप होते. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल आणले. पॉल बुखाइट यांनी घडवलेल्या या सेवेत १ गीगाबाइट जागा होती, आणि फोल्डरऐवजी लेबले होती. एकाच मेलवर ‘दुरुस्ती’, ‘देयके’ आणि ‘सर्वसाधारण सभा’ अशी तीन लेबले लावली, तरी मेल एकच राहतो आणि तिन्ही ठिकाणी दिसतो. जीमेलमध्ये इनबॉक्ससुद्धा आतून एक लेबलच आहे. ‘अर्काइव्ह’ केल्याने फक्त ते लेबल निघते. मेल जागच्या जागी राहतो आणि शोधात सापडतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण काहीच अर्काइव्ह करत नाहीत आणि हजारो मेलचा ढीग समोर ठेवून बसतात. पुढे २००७ मध्ये थंडरबर्ड या ईमेल-प्रोग्रामाच्या दुसऱ्या आवृत्तीत टॅग आले, आणि मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक २००७ या प्रोग्रामात रंगीत कॅटेगरी आल्या. दोन्ही लेबलांसारख्याच.

खुणांचा इतिहास याहून जुना आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे आयमॅप या नियमसंचाची सुरुवात केली. सर्व्हरवर ठेवलेले मेल वेगवेगळ्या प्रोग्रामांतून पाहता यावेत यासाठी हे नियम आहेत. त्याच्या २००३ च्या आवृत्तीत प्रत्येक मेलसाठी वाचला, उत्तर दिले, फ्लॅग लावला, पुसायचा, कच्चा आणि नुकताच आलेला अशा सहा ठरावीक खुणा आहेत, आणि सर्व्हरला या खुणांवरून शोध घेण्याची सोय आहे. त्यातला फ्लॅग ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. त्याला रंग नाही, तारीखही नाही. रंग, आकार आणि मुदत ही पुढच्या काळात ज्याने त्याने आपल्या प्रोग्रामात घातलेली भर आहे, म्हणून ती दुसऱ्या प्रोग्रामात नीट पोहोचत नाही. जीमेलमध्ये सेटिंग्जमधून पिवळ्या ताऱ्यासह बारा प्रकारच्या खुणा सुरू करता येतात : रंगीत तारे, लाल उद्गारचिन्ह, हिरवी बरोबरची खूण, जांभळे प्रश्नचिन्ह इत्यादी. तोच मेल आयमॅपने दुसऱ्या प्रोग्रामात उघडला की बाराही प्रकार एकाच फ्लॅगमध्ये विरून जातात. पॉप पद्धतीने मेल उतरवून घेणाऱ्यांच्या खुणा तर त्यांच्या संगणकाबाहेरच जात नाहीत.

पाठपुराव्याचा सर्वांत नीट विचार आउटलुकमध्ये झालेला दिसतो. तेथे फ्लॅगला मुदत देता येते, काम झाल्यावर तो ‘पूर्ण’ म्हणून नोंदवता येतो, आणि पाठवतानाच आपल्या मेलवर फ्लॅग लावता येतो. ही शेवटची सोय फार मोलाची आहे. पाठपुरावा बहुतेक वेळा आपण पाठवलेल्या आणि उत्तर न आलेल्या मेलचा करायचा असतो. जीमेलमध्येही पाठवलेल्या मेलवर तारा लावता येतो, पण ते सहसा कोणाला सुचत नाही.

प्रत्यक्ष शोध कसा चालतो हे एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांच्या जीमेलवरून पाहता येईल. महाराष्ट्रात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ऑगस्टमध्ये सचिव शोधाच्या चौकटीत ‘लेबल:दुरुस्ती’ लिहितात तेव्हा वर्षभराचा सगळा पत्रव्यवहार समोर येतो. त्यापुढे जागा सोडून ‘इज:स्टार्ड’ (तारा लावलेले) जोडले की यादी आखडते : सी विंगच्या गळतीचे दरपत्रक, टाकीच्या वॉटरप्रूफिंगचे न आलेले हमीपत्र, लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराची विचारणा. आणखी ‘ओल्डर_दॅन:१एम’ जोडले की महिन्याहून जुने तेवढेच उरते, आणि ‘फ्रॉम:’ लावून कंत्राटदाराचे नाव घातले की एकाच माणसाकडे अडलेले काम दिसते. (हे आदेश उच्चाराप्रमाणे दिले आहेत, ते रोमन लिपीतच टंकावे लागतात. लेबलाचे नाव मराठीत असले तरी चालते. नावात मोकळी जागा असेल तर तेथे संयोगचिन्ह घालावे.) हमीपत्र आले की तारा काढायचा, लेबल तसेच ठेवायचे. पुढच्या वर्षी टाकी पुन्हा गळू लागली तर त्याच लेबलाखाली हमीपत्र हाती येते. लेबल टिकण्यासाठी असते, खूण काढण्यासाठी. ‘तातडीचे’ नावाचे लेबल करणारे हा भेद मोडतात. महिन्याभरात त्या लेबलाखाली संपलेली आणि चालू कामे एकत्र होतात आणि ते लेबल निरुपयोगी ठरते.

वजाबाकीचा शोध मात्र जपून वापरावा लागतो. आदेशाच्या आधी उणे चिन्ह घातले की ‘हे सोडून’ असा अर्थ होतो. ‘लेबल:दुरुस्ती’ आणि त्यापुढे उणे चिन्हासह ‘इज:स्टार्ड’ लिहिले, तर निकाली निघालेली प्रकरणेच दिसतील अशी अपेक्षा असते. तरीही तारांकित प्रकरणे यादीत येतात. कारण जीमेल दाखवते संपूर्ण संभाषण, म्हणजे मूळ मेल आणि त्यावरची उत्तरे एकत्र, पण चाळते एकेक मेल. सात मेलच्या संभाषणात एकावर तारा असला तरी उरलेले सहा ‘तारा नाही’ या अटीत बसतात आणि त्यांच्यामागून सगळे संभाषण आत येते. लेबलांचेही तसेच होते. दोष शोधाचा वाटतो, पण मूळ संभाषण-दृश्यात आहे. सेटिंग्जमधून ते बंद केले की मेल सुटे दिसतात आणि वजाबाकी अपेक्षेप्रमाणे चालते. निकाली प्रकरणांची खातरजमा करायची असेल तेव्हा तेवढ्यापुरते ते बंद करणे उत्तम.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांना लेबलांची गरज इंग्रजीत लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. जीमेलचा शोध अख्खे शब्द जुळवतो, शब्दाचा तुकडा नाही. मराठी नाम तर वाक्यात शिरताना रूप पालटते : पावती, पावतीची, पावत्या, पावत्यांसह. एक रूप शोधताना दुसरे निसटू शकते. त्यात अनेक जण मराठी मजकूर रोमन लिपीत लिहितात आणि ‘पावती’ची अक्षरे चार जण चार तऱ्हांनी जुळवतात. कोणी नुसता फोटो जोडतो, मजकुरात अक्षरही नसते. या सगळ्यांवर ‘पावती’ हे एक लेबल लावले की विभक्ती, लिपी, स्पेलिंग यांचा प्रश्नच उरत नाही.

लेबल दर वेळी हाताने लावावे लागत नाही. वीज, दूरध्वनी, बँक यांच्याकडून ठरावीक पत्त्यावरून येणाऱ्या मेलसाठी शोधाच्या चौकटीतूनच फिल्टर, म्हणजे असा मेल आला की आपोआप लेबल लावणारा नियम, तयार करता येतो. जुन्या मेललाही लेबल लावायचे असेल तर फिल्टर करताना तसा पर्याय निवडावा लागतो. ताराही फिल्टरने लावता येतो, पण तो लावू नये. काय राहिले आहे याचा निर्णय वाचणाऱ्याने करायचा असतो, आणि आपोआप लागलेले तारे थोड्याच दिवसांत कोणी बघेनासे होते.

२०१८ पासून जीमेलमध्ये ‘स्नूझ’ची सोय आहे. त्यात मेल ठरवलेल्या वेळी परत इनबॉक्समध्ये येतो, म्हणून मुदतीच्या कामांना ताऱ्यापेक्षा ती बरी. मधल्या काळात तो ‘इन:स्नूझ्ड’ लिहून पाहता येतो. स्पॅम आणि ट्रॅश यांतले मेल मात्र नेहमीच्या शोधात धरले जात नाहीत. लेबल लावलेला एखादा मेल सापडेना झाला, तर ‘इन:एनीव्हेअर’ जोडून तो शोधावा, आणि तो लवकर शोधावा, कारण ट्रॅशमधील मेल ३० दिवसांनी कायमचे पुसले जातात.